दगड हलवायचे, मग पाहुणा सोडायचा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळी इमारत भिंगरी म्हणायची, आणि हे नाव खुद्द त्याच्या बायकोनेच बाहेर फोडलं असं शेजारपाजारचे सांगतात. खोटं नसावं. जेवताना हा गृहस्थ पाणी घ्यायला उठायचा, पाणी आणलं की पंख्याचा आवाज ऐकायला उठायचा, आणि पंखा ठीक आहे म्हणता म्हणता खिडकीची कडी घट्ट करायला लागायचा. दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींतून वर-खाली केल्यावर तरी माणसाने घरी टेकावं! पण याचं बूड एकाच ठिकाणी टेकायचं. बैठकीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसमोर.

टाकीत आधी एकच मासा होता. बुटका एंजल. वाढून वाढून वाढला तरी बोटाच्या लांबीपलीकडे जायचा नाही अशी जात. अंग विस्तवासारखं, त्यावर काळे उभे पट्टे, आणि रुबाब असा, की टाकीतले सगळे समुद्री दगड जणू याच्या आजोबांनी घाम गाळून कमावलेत. दगडांवरचं शेवाळ खुडत तो दिवसभर गस्त घालायचा. घरात त्याला ‘मालक’ म्हणत. मालकासाठी भिंगरी बादलीत खास मीठ विरघळवून, खारेपणा मापून पाणी तयार करी. टाकीत हात घालण्याआधी बोटांचं ग्रीस साबणाने काढी, आणि मग साबणाचा अंश राहायला नको म्हणून नळाखाली हात धरून उभा राही.

“माझ्या हातून भाजीत चिमूटभर मीठ जास्त पडलं की तोंड वाकडं होतं तुमचं,” बायको म्हणायची, “आणि त्या मेल्याला पिशवीच्या पिशवी ओतता!”

आता या घरातला दुसरा मालक. भिंगरीचे वडील, अण्णा. उभा जन्म बस चालवली, तीही ‘चालकाशी बोलू नये’ या पाटीखाली. निवृत्त झाले तेव्हा पाटी बसमध्ये राहिली, सवय तेवढी घरी आली. रस्त्याकडच्या खिडकीजवळ त्यांची खुर्ची होती. तिच्यात ताठ बसून ते रहदारी बघायचे, आणि खाली कुणी न बघता रस्ता ओलांडू लागलं की त्यांचा उजवा पाय आपोआप जमिनीवर दाबला जायचा. दिवसाकाठी त्यांच्या तोंडून जे चार शब्द पडत त्यांतले दोन ‘चहा’ असत.

आणि बायकोचे वडील? ते सलूनवाले. कात्री एक वेळ थांबेल, जीभ थांबायची नाही. अख्ख्या गल्लीची लग्नं, भांडणं, टकलं त्यांना तोंडपाठ. गेल्या वर्षी हात थरथरायला लागले म्हणून सलून बंद केलं, आणि मन रमावं म्हणून लेकीकडे राहायला आले. आले आणि सकाळी सहज खिडकीजवळच्या खुर्चीत बसले. वर अण्णांना म्हणाले, “व्याहीबुवा, तुमचे केस कोण कापतं हो? त्याला आधी तुरुंगात टाका!”

अण्णा खुर्चीच्या बाजूला जाऊन उभे राहिले, थांब्यावर बसची वाट बघत उभं राहावं तसे. जेवायची वेळ झाली तरी उभेच. असे तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सलूनवाल्यांनी पिशवी उचलली. “लेकी, तुझा सासरा बोलत नाही, पण त्याची खुर्ची फार बोलते गं,” म्हणाले, आणि गेले ते बंद सलूनवरच्या आपल्या खोलीत. त्या खोलीला उभाच्या उभा जिना. व्हायचं तेच झालं. मागच्या आठवड्यात तिथून घसरले आणि हात मोडून घेतला.

त्या दिवशी बायको कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, “बाबांना रविवारी इकडे घेऊन येतेय. कायमचं. या वेळी ते परत गेले तर मीही त्यांच्याबरोबर जाईन. पुन्हा पडले तर उचलायला कोण आहे तिथे?”

आवाज चढवला नव्हता, तीच तर भीती. ओरडणारी बायको परवडते हो! ही तर माळ्यावरची मोठी बॅग काढून तिच्यावरची धूळसुद्धा पुसून बसली होती.

मग काय, भिंगरीची भिंगरी दुप्पट वेगाने फिरू लागली. कामावर याच्या हातून पाना पडला, साहेबांच्या शिव्या खाल्ल्या. अण्णांशी बोलायचं म्हणून पाच वेळा खुर्चीपर्यंत गेला आणि पाचही वेळा “चहा ठेवू का?” विचारून परतला. अण्णांनीही पाचही वेळा हो म्हटलं. बोलणं नाही झालं, चहापत्ती मात्र संपली.

शेवटी टाकीसमोर बसला आणि तिथे याच्या डोक्यात दिवा पेटला. त्याचं असं, की महिन्यापूर्वी त्याने मालकाला जोडीदार आणला होता. तेव्हा माशांच्या दुकानातल्या बाईंनी बजावलं होतं, “जुना मासा कपार न् कपार ओळखतो. नवा नुसता सोडलात तर जगू द्यायचा नाही. आधी दगड हलवा, सगळी मांडणी उलटीपालटी करा. जुन्यालाच घर परकं वाटलं पाहिजे. दोघं सारखेच बावचळले की भांडायला सवड राहत नाही. आणि मासा लहान घ्या. ही जात जन्माला येते मादी म्हणून. दोघांत जो दादागिरी करतो तो पुढे नर होतो.”

“म्हणजे दादागिरी आधी आणि मिशा नंतर!” बायको तेव्हा हसली होती.

पण उपाय लागू पडला होता. दगड हलवल्यावर मालक दोन दिवस स्वतःचीच कपार शोधत फिरला, नव्या धाकटीवर एकदोनदा धावून गेला, आणि मग दोघं एकाच दगडावर शेवाळ खुडायला लागली.

मासा ऐकतो तर माणूस का नाही ऐकणार? असं भिंगरीला वाटलं. पटलं नसेल तर तुम्ही लिफ्टवाले नाही, एवढंच.

रविवारी बायको बाबांना आणायला गेली, अण्णा रक्तदाब तपासायला गेले. भिंगरीने बाह्या वर केल्या आणि घर हलवायला घेतलं. कपाट खिडकीपाशी. जेवणाचं टेबल कपाटाच्या जागी. अण्णांची खाट आतल्या खोलीत, आतल्या खोलीतली बाहेर. खुर्ची स्वयंपाकघराच्या दाराशी. घामाघूम झाला, पण कधी नव्हे एवढा खूश.

अण्णा आले. दार उघडलं, आत बघितलं, दार लावलं. बाहेर नंबर वाचला. पुन्हा उघडलं. सवयीने सरळ खिडकीकडे चालत गेले, ते कपाटाच्या आरशात स्वतःलाच भेटले.

“खुर्ची?”

“तिकडे, अण्णा. आता सगळ्यांनाच नवीन. बाबांनाही आणि तुम्हालाही.”

अण्णा जाऊन खुर्चीत बसले. समोर पिठाचे डबे. डबे मोजून झाले. मग उठले, आत गेले, आणि दोन सदरे, गोळ्या, चष्मा पिशवीत घालून बाहेर आले.

तेवढ्यात दारात लेक-बाप हजर. बाबांचा मोडका हात गळ्यात, जीभ मात्र मोकळी. “अगं, हे तुझंच घर ना? की चुकून शेजारी शिरलो? आणि व्याहीबुवा, पिशवी घेऊन कुठे?”

“बहिणीकडे,” अण्णा म्हणाले.

“मी आलो म्हणून?”

अण्णांनी चपला पायात सरकवल्या.

“मग मीच जातो की! माझी पिशवी तर भरलेलीच आहे.”

बायकोने नवऱ्याकडे असं पाहिलं, की त्याची नजर फरशीवर गेली. “काय करून ठेवलंत हे?” ती म्हणाली. आता हा काय सांगणार? माशांच्या दुकानातल्या बाई म्हणाल्या म्हणून?

अण्णा निघाले. लिफ्टच्या दुरुस्तीच्या गोष्टी मुलाकडून ऐकून ऐकून त्यांचा लिफ्टवरून विश्वासच उडालेला. ते जिन्याने उतरू लागले. त्यांच्यामागे, “अहो थांबा तरी, अहो व्याहीबुवा!” करत, एका हातात पिशवी, दुसरा गळ्यात, कठड्याला धरायला एकही हात मोकळा नाही असे बाबा.

“बाबा, जिना!” बायको किंचाळली.

पायऱ्या उतरणारे अण्णा थांबले, वळले, दोन पायऱ्या वर आले. बाबांची पिशवी काढून स्वतःच्या खांद्याला लावली आणि एक पायरी खाली, आडवे उभे राहिले.

“धरा,” म्हणाले. “खांदा धरा. सावकाश.”

असे दोघं तळमजल्यापर्यंत उतरले आणि दारातल्या बाकावर बसले. मागोमाग भिंगरी. वर कठड्याशी बायको.

“अण्णा, चुकलो,” भिंगरी म्हणाला. “मला वाटलं, घर बदललं की भांडण होणार नाही.”

“मला विचारलंस?”

“नाही.”

“मलाही नाही विचारलं हो,” बाबा मध्येच म्हणाले. “पोरगी आली, पिशवी भरली, चला म्हणाली. पार्सल असल्यासारखं.”

अण्णांनी त्यांच्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. “मग तुम्हाला राहायचंय का?”

बोलके बाबा गळ्यातली पट्टी उगीच सारखी करत राहिले. “जिन्याची भीती बसलीय,” शेवटी म्हणाले. “आणि दुकान बंद झाल्यापासून आरशाशी बोलतो मी. तो माझंच मला परत सांगतो. राहायचंय. तुमची हरकत नसेल तर.”

“आधी विचारलं असतं तर नाही म्हणालो असतो,” अण्णा म्हणाले.

भिंगरीचा एक पाय वर, एक खाली. वरून बायको ओरडली, “अहो, काय म्हणतायत?” याने हातानेच ‘थांब’ म्हटलं.

“खिडकी माझी,” अण्णा म्हणाले.

“तुमचीच.”

“सकाळी बोलायचं नाही.”

“बरं. कुठपर्यंत?”

“चहा होईपर्यंत.”

“पहिला की दुसरा?”

“दुसरा.”

“मेलो!” बाबा कळवळले. “अहो, तोवर माझं तोंड गंजून जाईल. पहिला करा.”

अण्णांनी मुलाकडे बघितलं. “तू काय ऐकत उभा आहेस? वर जा, ते कपाट हलव आधी.”

भिंगरी पायऱ्या दोन दोन करत पळाला. मधल्या मजल्यावर बायको भेटली. “राहतायत का?” तिने विचारलं. त्याने नुसतं खाली बोट दाखवलं. दोघंही कठड्यावरून वाकली.

खाली बाकावर अण्णा, दोन्ही पिशव्या मांडीवर घेऊन, विचार करत बसले होते. “दीड,” ते म्हणाले.

“दीड कसा हो मोजणार?”

“मी मोजेन.”