कनकलताबाईंची गढूळ काच

तंजावूरच्या राजवाड्यामागे कनकलताबाई देवांची चित्रं करीत. सोन्याचा वर्ख, त्यावर रंगीत काचेचे खडे. नव्वदनंतर बाजारात प्लास्टिकचे खडे आले आणि बाईंचं डोकंच फिरलं. देवाच्या गळ्यात प्लास्टिक? त्यांनी परसात भट्टी घातली आणि काच स्वतःच वितळवायला घेतली. वाळू, सोडा नि चुना. चुना पानाच्या डब्यातला, आणि पडे तोही पान खाणाऱ्याच्या सढळ हातानं. काच निघे ताकासारखी गढूळ.

यजमान सेतुमाधव धुरानं कावले. "पैत्यम धरलं का तुज? वेड्यासारखं काय हें! मोड ती भट्टी!"

अशात केबलवर एक कार्यक्रम लागला. यहुद्यांच्या देशात, गालीलच्या डोंगरात, एका गुहेत जुन्या काळची अखंड काचेची लादी सापडलेली, दोन खाटांएवढी. "एवढी काच कुणी का वापरली नाही? कारण..." निवेदक म्हणाला आणि वीज गेली!

बाईंची झोप उडाली. शेजारीण सहायमेरी ज्या चर्चला जाई तिथली मंडळी त्याच देशात यात्रेला निघालेली. बाईंनी वर्ख लावलेला बाळ येशू चर्चला काढून दिला आणि यात्रेत जागा मिळवली. सेतुमाधव म्हणाले, "जा. पण रविवारीं गवंडी लावून भट्टी मोडतों." थकलेल्या बाई हो म्हणाल्या आणि विमानात बसल्यापासून हळहळल्या.

लादी यात्रेच्या वाटेवर होती, पण पाहायच्या ठिकाणांच्या यादीत नव्हती. रविवारी सकाळी सहायमेरीनं पोटदुखीचं असं काही सोंग आणलं की फादरनी घाबरून बस गुहेपाशीच थांबवली.

लादी पाहून मंडळी हिरमुसली. मळकट, ना चमक ना आरपार. बाईंनी मोडक्यातोडक्या इंग्रजीत तिथल्या वाटाड्याला कारण विचारलं.

"बिघडली. चुना जास्त झाला," तो म्हणाला.

"अय्यो! ह्यांचाही चुनाच!" बाई किंचाळल्या. पोटदुखीवाल्या सहायमेरीला त्यांनी गरगर फिरवलं. भल्याभल्या कारागिरांनी रात्रंदिवस जाळ घालून बाईंचीच चूक केली होती! हसता हसता त्यांना रडू फुटलं. इतकी वर्षं त्यांना कुणी सोबतीलाच नव्हतं.

मग भट्टी आठवली. दुपारी हॉटेलात पोचताच त्यांनी फोनवर झडप घातली.

"अहो, गवंडी आला का?"

"आला आहे."

"त्यास कापी पाजा नि परत धाडा! चुना कमी घालायचा, येवढंच होतं हो!"

तिकडे गवंड्याला थांबायची हाक ऐकू आली. मग सेतुमाधव म्हणाले, "चार विटा काढल्या आहेत. परत लावून घेतों."