कर्णावरून वाचलेली उत्तरं

ये इकडे, बस अशी जवळ. काय गं मुग्धा, तू इंदुरातच भंवरकुआँला पीजीत राहतेस, तुझी ही आत्या इथे पोलोग्राउंडच्या मागे राहते, आणि तू नापास झालीस हे मला अकोल्याहून दादाच्या, म्हणजे तुझ्या बापाच्या फोनवर कळावं? लाज वाटली म्हणे! लाज त्या क्लासवाल्याला वाटू दे.

मी लग्न होऊन अकोला सोडलं तेव्हा इंदूरला छोट्या लाइनची गाडी यायची. खिडकीशी उभे राहून माझे बाबा म्हणाले, "तिकडे गणितबिणित काढत बसू नकोस, सासरचे हसतील." हसलेच. सासूबाई शेजारणीला सांगायच्या, "हमारी बहू को हिसाब का भूत लगा है." मी म्हटलं, हसा खुशाल. हे सांवेर रोडच्या कारखान्यात गेले की दिराची इंजिनीअरिंगची जुनी पुस्तकं काढून बसायची. मॅट्रिक्स म्हणजे आकड्यांचा चौकोन, एवढंच कितीतरी दिवस कळायचं. मग एका दुपारी उमगलं की ती बाणांना, म्हणजे व्हेक्टरना, वळवते, ताणते. आणि काही मोजके बाण वळतच नाहीत, नुसते लांब-आखूड होतात. किती पट, त्या आकड्याला आयगेन व्हॅल्यू म्हणायचं. तेव्हा सांगायला घरात कोणी नव्हतं, कढीला उकळी आली होती.

तू एसी बसने आलीस, हातात मोबाइल, कॉलेज, वर क्लास. आणि शिकवायला मिळालं कोण? तू काल फोनवर सांगितलेलं आयगेन व्हॅल्यूचं गणित घे. वरची ओळ दोन, एक. खालची एक, दोन. वरचीची निम्मी खालचीतून वजा केलीस, कोपऱ्यात शून्य आणलंस, आणि कर्णावरचे दोन आणि दीड उत्तर म्हणून लिहून मोकळी! वर मलाच सांगतेस, "आत्या, सर म्हणाले होते, जीरो बनाओ, डायगोनल पढ़ो, दिमाग मत लगाओ."

दिमाग असता तर लावला असता ना त्या क्लासवाल्या भियाने! अगं, समीकरणं सोडवताना ओळी वजा करतात, कारण तिथे उत्तर तेच राहतं. इथे ओळ बदललीस की मॅट्रिक्सच दुसरी झाली. एकीची पत्रिका दाखवून दुसरीचं लग्न ठरवायचं, तसलं हे. एक, एक हा बाण मूळ मॅट्रिक्समध्ये घाल. तीन, तीन निघतो. वळला नाही, तिप्पट झाला. एक, वजा एक घाल, जसाच्या तसा. म्हणजे उत्तर तीन आणि एक. मूळ कर्णाची बेरीज चार, उत्तरांचीही चारच यायला हवी, तुझी साडेतीन. एवढं पडताळायला सरांना फुरसत कुठली, चौकाचौकात स्वतःचे फ्लेक्स लावायचे असतात. मशीन कुठल्या वेगाला थरथरेल ते याच आकड्यांवरून काढतात. यांच्या भरवशावर बसवलेल्या मशीनजवळ मी तर उभीही राहणार नाही.

आणि दादा? "रविवारी येऊन घेऊन जातो, घरी राहून बीकॉम करेल." बाबांचाच सूर, फक्त आता मोबाइलवरून. तूही मान डोलावलीस, "मला गणित जमत नाही." साफ खोटं. तुला गणित कोणी शिकवलंच नाही, पाठ करवलं.

अकोल्याचे म्हणतात, हिची मराठी बिघडली, "अपन-अपन" करते. इथले अजून "अकोलेवाली" म्हणतात. दोघांनाही लांबून नमस्कार. माझं घर विचारशील तर ओट्याशेजारचं हे टेबल. गल्लीतल्या पोरी माझ्याकडे गणित शिकायला येतात, इथे चुकतात, खोडतात, पुन्हा मांडतात, आणि कोणी त्यांना माहेरी पाठवून देत नाही.

आता पीजीवर जा, बॅग भरली असशील तर तशीच उचल, पण बस स्टँडवर जाऊ नकोस. शनिवारीच इथे माझ्याकडे राहायला ये. रविवारी दादा येईल. त्याला पोहे देऊ, वरून जिरावन मसाला जास्त घालून, आणि तो खाईस्तोवर मी बोलेन. पुन्हा पेपर द्यायचा की नाही ते तू सांगशील, तुझ्या तोंडाने. ये गं लवकर.