दुसऱ्याच्या शिक्क्याचा माल

"एका पुस्तकाचे किती मिळतात?" या प्रश्नाला मी वर्षानुवर्षे "ठरलेलं असं काही नसतं" एवढंच सांगत आले. खरं म्हणजे आकडा सांगायची मला लाज वाटायची. मी लोकांची आत्मचरित्रं लिहून देते. कव्हरवर नाव त्यांचं, मान मोडते माझी, आणि पैसे पानामागे.

साकीनाक्याला लेथवर मशीनचे पार्ट कातायचा कारखाना असलेल्या एका मालवणी काकांचं पुस्तक घेतलं, तेव्हा मनाशी ठरवलं होतं की यावर घर चाललं तर ठीक, नाहीतर बहिणीने मुलुंडच्या शाळेत सांगून ठेवलेली क्लार्कची नोकरी धरायची. काका भरभरून बोलायचे, पानं वाढत गेली. पण सगळं सलग वाचायला बसले आणि माझंच डोकं फिरलं. मशीनची पूजाच चार वेळा आली होती. पुस्तक चांगलं व्हायचं तर निम्मं कापायला हवं होतं, आणि कापलं की माझे पैसेही निम्मे. बरेच दिवस स्वतःशी भांडले. मग कापलं. वाईट लिहूनच पोट भरायचं तर क्लार्कची नोकरी काय वाईट?

काकांनी ते वाचलं. वडिलांची गिरणी बंद पडते त्या पानाशी बराच वेळ थांबले. पण हिशेबाला बसल्यावर विचारलंच, एवढीच पानं कशी? माझा पारा चढला.

"काका, तुमच्या लेथवर पैसे पार्टचे मिळतात की खाली पडलेल्या चुऱ्याचे?"

ते हसले. एरवी ते मुंबईचं मराठी बोलायचे, आतून काही आलं की मालवणीवर यायचे.

"गो बाय, माझो माल दुसऱ्याच्या शिक्क्यान जाता. म्हणान दर पुऱ्या कामाचो, नि अर्धे पैसे मी आधी घेतंय. तू कित्याक नाय घेतलंस?"

का नाही घेतले? लाजेपोटी, दुसरं काय. मग त्यांनी पूर्ण पुस्तकाची किंमत विचारली आणि मी ती न लाजता सांगितली. चहा संपेपर्यंत त्यांनी घासाघीस केलीच, शेवटी धंदेवाला माणूस. पण ठरली ती किंमत पुस्तकाची होती. शाळेतल्या नोकरीला मी नाही म्हणून कळवलं.

परवा घाटकोपरच्या एका डॉक्टरीणबाईंचा फोन आला. त्यांना आईवर पुस्तक लिहून हवंय. पानाचा भाव काय, म्हणाल्या. मी म्हटलं, पानाचा नाही, पुस्तकाचा सांगते, आणि अर्धे आधी लागतील. आकडा सांगितला.

मग त्या म्हणाल्या, "सोमवारी येता का?"