छोटी बी, मोठी बी

आठानं भागायचं मी एकदा विसरलो, हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. विसरलो ते एक वेळ चाललं असतं. पण त्याचं खापर मी दुसऱ्याच्या डोक्यावर फुटू दिलं.

दोन हजार सात-आठची गोष्ट. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका व्हिडिओ स्टुडिओत मी कॉम्प्युटरचं बघायचो. मालक हौशी. नवा एचडी कॅमेरा आणलेला आणि लग्नाचा व्हिडिओ दाबून, बारीक करून एडिट करायला त्यांचा सक्त विरोध. "बायका ठेवणीतलं दागिनं घालून येत्यात. एक मणी बी पुसट दिसायचा न्हाय!" म्हणजे सगळं अनकॉम्प्रेस्ड. मी सुचवलं, आतल्या खोलीत डिस्कचं एक कपाट ठेवू, बाहेर एडिटिंगची दोन मशीनं, मध्ये नेटवर्क.

वहीत लिहिलं: व्हिडिओला सेकंदाला दीडशेच्या वर एमबी लागणार, नेटवर्कमधून हजार एमबी जाणार. ऐसपैस! इंग्रजीत छोटी बी म्हणजे बिट, मोठी बी म्हणजे बाइट, आणि आठ बिटांचा एक बाइट. माझी वही मराठीत. मराठीत बी एकच, तिला छोटी-मोठी नाही. व्हिडिओचे दीडशे मोठ्या बीचे, नेटवर्कचे हजार मात्र छोट्या बीचे होते. आठानं भागल्यावर उरत होते सव्वाशे, तेही कागदावर.

वायर ओढायला जयसिंगपूरचे एक वायरमन आले. पन्नाशीचे, आम्ही त्यांना मामा म्हणायचो. भिंतीवर पट्टी अशी बसवायचे की रेघ मारल्यासारखी.

पहिल्याच दिवशी पडद्यावरची वरात अडखळली. घोडा एक पाऊल टाकी, थांबे, मग एकदम दोन हात पुढं.

"नवरदेव घोड्यावर बसलाय का बेडकावर?" मालक म्हणाले.

सगळे हसले. हसता हसता मी बोलून गेलो, "वायरिंगमध्ये खोट असणार."

"टेस्टर लावून बघा की सायेब," मामा म्हणाले. "वायरीत काय बी न्हाय."

"मग घोडा का थांबतोय?" मालकांनी विचारलं.

"मला काय इचारता मालक? लगाम तुमच्या इंजिनेराच्या हातात हाय!"

तरी त्यांनी सगळी वायर उपसून नवी ओढली. घोडा तसाच. दोन दिवसांनी डिस्कच्या पुस्तिकेत मला ती मोठी बी दिसली. पुस्तिका मिटून खणात टाकली. कपाट उचलून एका मशीनला थेट जोडलं. वरात झोकात निघाली.

"बघा, वायर वगळली आणि सुटलं!" मालक म्हणाले. मी मान हलवली. मालकांचं तोंड मोठं. शहरातल्या स्टुडिओवाल्यांनी मामांना बोलावणं सोडलं.

वर्षभरानं ते जयसिंगपूरच्या स्टँडवर भेटले. "सायेब, खोट कुठं हुती, गावली का?"

"नाही गावली, मामा," म्हणालो आणि एसटीत चढलो.

मालक आहेत, मामाही आहेत. दोघांना समोरासमोर बसवून 'वायर चांगली होती, हिशेब माझा चुकला' एवढं म्हणण्याचं मामांचं देणं अजून माझ्यावर आहे.