डोमा फौजीची सही

भरतीचं नाव काढलं की डोमा मेश्राम थुंकायचा. साधंसुधं नाही, घशाच्या तळापासून ओढून. समोर सरपंच बसलाय की सोयरा, हेही बघायचा नाही. नव्या माणसाला वाटायचं, हा फौजेतून पळून आलेला असावा. पण करडी गावात कुणालाही विचारा. सतरा वर्षांची नोकरी, एकाहत्तरची लढाई, बाहीवर नायकाच्या दोन फिती. छप्पन साली बाप नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला आणि पुढच्याच साली डोमा फौजेत गेला. बाप मरेपर्यंत सांगायचा, या घराची मान दोनदा ताठ झाली, एकदा माझ्यानं, एकदा पोरानं. अशा माणसाला किळस येते ती उगीच येत नाही.

ब्याऐंशी सालच्या उन्हाळ्यात भरतीच्या कचेरीची जीप डोमाच्या दारात उभी राहिली. सुभेदार उतरला. मिशीला पीळ, आणि तोंड बघून घ्यावं असे चकचकीत बूट. पलटणीत माणसं कमी पडत होती. दोन वर्षं या भागातल्या जागा रिकाम्या गेल्या होत्या, वरून दट्ट्या येत होता, आणि तो दट्ट्या सुभेदारानं आणून डोमाच्या ओसरीवर ठेवला.

"मेश्राम, जवान लाओ," तो चहा पीत म्हणाला. "तुम तो अपने आदमी हो."

या 'अपने'नं घात केला. आठ वर्षं झाली होती पेन्शन घेऊन. इतक्या दिवसांत कुणी त्याला 'अपना' म्हटलं नव्हतं. डोमानं पेटीतली टोपी काढली, सायकलीत हवा भरली आणि बारा गावं पालथी घातली. कुठं पारावर, कुठं बौद्धविहारासमोर, कुठं पाटलाच्या अंगणात. फौज म्हणजे काय, ते सांगता सांगता तो उठून सलामी ठोकून दाखवायचा. महिन्याभरात एक्केचाळीस पोरं गोळा झाली.

त्यात पहिला होता इश्वर, त्याच्या बहिणीचा, तुळसाचा, एकुलता एक. तुळसाचा नवरा साप चावून गेलेला. ती दुसऱ्याच्या बांधीत, म्हणजे धानाच्या खाचरात, रोवणी-निंदण करून पोराला मॅट्रिकपर्यंत घेऊन आली होती. इश्वर पळायला हरणासारखा. फक्त एक अडचण होती: येत्या दिवाळीला त्याचं भरतीचं वय उलटणार होतं. ही भरती चुकली तर पुढं जन्मभर दुसऱ्याच्या बांधीतला चिखल. तुळसाला ते ठाऊक होतं, इश्वरला ठाऊक होतं, आणि डोमाला तर झोप लागत नव्हती.

रोज पहाटे तलावाच्या पाळीवर डोमाची शिट्टी वाजायची. पोरं पळायची, श्वास कोंडून छाती फुगवायची, डोमा सुतळीनं मोजायचा. भरती ठरली होती ज्येष्ठात. पण साहेब रजेवर गेला म्हणून ती पुढं गेली, मग आणखी कशासाठी तरी पुढं गेली, आणि शेवटी तारीख आली ती ऐन श्रावणातली. ऐन रोवणीतली.

डोमानं डोक्याला हात लावला. धानाच्या मुलखात त्या दिवसांत माणसाचे पाय माणसाचे राहत नाहीत. पंधरा दिवस गुडघाभर चिखलात चिखलणी करायची, पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, जुड्या वाहायच्या. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, कातडी पांढरी पडून सुटते, पाणी झिरपतं. कुणी त्याला रोग म्हणत नाही. मोहाचं तेल लावतात आणि पुन्हा बांधीत उतरतात. पोळ्यापर्यंत सगळं आपोआप बरं होतं.

डोमा एसटीनं कचेरीत गेला. बाबूसमोर टाचा जुळवून उभा राहिला.

"साहेब, तवा आमच्या पोट्ट्यायचे पाय सडले राहतेत. एक महिना पुढं ढकला. पोळा होऊन जाऊ द्या, मंग पाहा कसे पोट्टे देतो तं."

बाबूनं मान वर केली नाही. "फौज काय तुमच्या धानाच्या सोयीनं चालते?"

साहेबाच्या रजेसाठी दोन महिने हलणारी तारीख धानासाठी एक महिना हलेना. तरी डोमाला तेव्हा राग आला नाही. फौजेत वेळ म्हणजे वेळ, असं त्यानं स्वतःलाच बजावलं. आणि इथंवर सगळा दोष दुसऱ्याचा होता, पुढचा त्याचा.

बारा गावं फिरण्यात त्याची स्वतःची चिखलणी राहून गेली होती. पऱ्हे पिवळे पडू लागले होते. भरतीला चार दिवस असताना पोरं आपणहून म्हणाली, "काकाजी, तुमी आमच्यासाठी इतकं करून राहिले, तुमची बांधी आमी करून देतो."

एकमेकांच्या बांधीला हात लावायची रीतच आहे तिकडं, नाही म्हटलं तर माणूस दुखावतो. पण डोमानं नाही म्हणायला हवं होतं. पायांचं गाऱ्हाणं घेऊन कचेरीत गेलेला हाच माणूस. पिवळे पऱ्हे डोळ्यांसमोर आले, आणि तो "बरं" म्हणाला. दोन दिवस जवळपास सगळी पोरं त्याच्या चिखलात हसत-खिदळत राबली. इश्वर सगळ्यांत पुढं.

मैदानावर पळण्यात डोमाच्या पोरांनी सगळ्यांना धूळ चारली. इश्वर पहिला आला. मागचा कितीतरी लांब होता. छाती भरली, उंची भरली. डोमाची मान एवढी ताठ झाली की बाप असता तर तिसऱ्यांदा मोजलं असतं.

मग डॉक्टर. ताडपत्रीखाली खुर्ची टाकून बसलेला. त्याच्या हातात लाकडी रूळ होता आणि त्या रुळाच्या टोकानं तो पोरांच्या पायाची बोटं फाकवायचा. बोट लावायचा नाही. एका हातानं नाकाला रुमाल. "सड़ा हुआ है," म्हणायचा, की शिपाई पोराच्या उघड्या छातीवर निळ्या खडूची फुली मारायचा, बाजारात बैलावर मारतात तशी. फुली, फुली, फुली. इश्वरच्या छातीवर फुली ओढली तेव्हा त्यानं डोमाकडं एकदा बघितलं आणि सदरा घातला.

"साहेब, पंधरा दिवसात बरे होतेत हे," डोमा मध्ये पडला. "माह्येच पाय पाहा जी, याच पायानं सतरा वर्सं…"

"लाइन मत तोड़ो," सुभेदार म्हणाला. अपना आदमी गेला कुठच्या कुठं.

एक्केचाळीसातले तीन पास झाले. एक गुरुजीचा, एक दुकानदाराचा, एक पाटलाचा. जन्मात बांधीत पाय न घातलेले. त्यातल्या पाटलाच्या पोराला आईनं नंतर पाठवलंच नाही. म्हणजे ज्यांनी चिखल तुडवला ते नापास, आणि ज्यांनी बसून खाल्ला भात ते देशाचे जवान. थू त्या तपासणीवर.

संध्याकाळी सुभेदारानं एक टाइप केलेला इंग्रजी कागद पुढं केला. "गवाह के तौर पर. यहाँ दस्तख़त." डोमाच्या टाचा जुळल्या. सतरा वर्षं कागद पुढं आला की सही करायची, एवढंच शिकलेलं. विचारायची सवयच नव्हती. त्यानं सही केली, नावापुढं 'नायक' लिहिलं, आणि मिळालेली प्रत घडी करून खिशात घातली.

परतीच्या एसटीत इश्वरनं ती मागितली. खिडकीजवळ धरून वाचली. बराच वेळ झाला तरी परत देईना.

"काय लिवलं?" डोमानं विचारलं.

"मामाजी, यात लिहून हाये का या भागातले पोट्टे अंगानं दुबळे हायेत," इश्वर म्हणाला, "अन् त्याईले फौजेत यायची इच्छाच नाही. म्हनून जागा खाली रायल्या. खाली तुमची सही हाये."

 चालत्या गाडीच्या खिडकीतून डोमा बाहेर ओकला. बाईमाणसं तोंड फिरवून बसली. त्याला किळस रुळाची आली, रुमालाची आली, पण सगळ्यांत जास्त स्वतःच्या उजव्या हाताची आली.

आठ दिवस तो पुन्हा त्याच बारा गावांत फिरला. प्रत्येक पोराच्या घरी जाऊन सांगितलं, अशी अशी सही केली मी. कुणी चहा दिला, कुणी नुसतंच बघितलं. बहिणीचं घर त्यानं शेवटी ठेवलं होतं. तुळसा अंगणात पायांना तेल चोळत बसली होती. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"पायाले चिखल्या पोट्ट्यायच्या होत्या, भाऊ," ती म्हणाली. "तुया हाताले काय झालं होतं?"

 पोळ्याला इश्वरचे पाय कोरे करकरीत झाले. दिवाळी आली आणि गेली.

पुढच्या श्रावणात जीप पुन्हा आली. जागा पुन्हा रिकाम्या होत्या, तारीख पुन्हा रोवणीतली होती. डोमा घरी नव्हता, म्हणून सुभेदार धुऱ्या-धुऱ्यानं, मातीच्या बांधावरून, थेट बांधीवर आला. मामा-भाचे चिखलणी करत होते.

"मेश्राम, बाहर आओ. ज़रूरी बात है."

"तुमीच या ना जी आत," डोमा म्हणाला.

सुभेदारानं चिखलाकडं पाहिलं, मग बुटांकडं पाहिलं, आणि धुऱ्यावरच उभा राहिला. तिथूनच त्यानं कागद लांबवला. जवान आणायचं काम मंजूर आहे, एवढीच सही हवी होती. त्यानं पेनाचं टोपणसुद्धा काढून दिलं.

इश्वरनं बैल थांबवले. डोमानं आधी खच्चून थुंकून घेतलं. मग चिखलानं माखलेले दोन्ही हात कोपरापर्यंत वर करून सुभेदाराला दाखवले.

"सही नाही होत साहेब," तो म्हणाला. "औंदा हाताले चिखल्या झाल्या."