मिरेकच्या गावचा भोंगा

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. दुबईत सकाळी बाल्कनी पुसली तरी संध्याकाळी वाळू साचतेच, तसे ते साचतात. दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमधल्या आमच्या पंपांच्या फॅक्टरीत निम्मे किस्से एकट्या मिरेकचे! मिरेक आमचा सर्व्हिस इंजिनिअर, चेक माणूस. डोंगराच्या पायथ्याशी त्याचं इवलंसं गाव. तिथे म्हातारी आई एकटी राहते, आणि तिला इकडे आणायचं हा एकच ध्यास त्याने घेतलाय.

*

पहिल्यांदा तो अल बर्शाला आमच्याकडे जेवायला आला. न सांगता दाराशी बूट काढले. बायको खूश! "बघा, याला म्हणतात वळण!"

पण पठ्ठ्या तिथेच उभा. म्हणाला, "स्लिपर्स?" त्यांच्याकडे पाहुण्याला घरात घालायला सपाता देतात म्हणे. आमच्या घरात सपातांचा जोड एकच, बाथरूममधला. बायकोने गडबडीत तोच आणून दिला. मिरेक तो घालून हॉलभर फिरला, देवघरासमोरही कौतुकाने उभा राहिला! बायकोचा चेहरा बघवेना. लेक म्हणाली, "ममा, चिल! ही लुक्स सो हॅपी."

*

लंचला तो रोज आईला फोन लावतो, स्पीकरवर. एकदा मागून बँडचं गाणं आलं आणि मग एका बाईचा खणखणीत आवाज. आमचे स्टोअरवाले शिर्के सांगलीचे. म्हणाले, "गणपती बसले काय रे?"

मिरेक म्हणाला, "ग्रामपंचायतीचा भोंगा आहे. उद्या पाणी येणार नाही, आणि कोणाचा तरी कुत्रा सापडलाय."

"मग त्यात गाणं कशाला?"

"नाहीतर लोक ऐकतील कसे?"

*

हिवाळ्यात इथे जोरात पाऊस झाला. रस्ते तुंबले, आम्ही 'यल्ला, चला चला' म्हणत घरं गाठली. दुसऱ्या दिवशी मिरेक टोपली घेऊन फॅक्टरीमागच्या वाळूत! पावसानंतर त्यांचं अख्खं गाव म्हणे जंगलात अळंबी वेचायला जातं.

"मिळाली काय?" शिर्क्यांनी विचारलं.

"एक बोल्ट मिळाला. आपलाच आहे."

*

शेवटी आईचा व्हिसा झाला, तिकीट झालं. आणि म्हातारी अडून बसली. "दुबईत माझं कोण आहे?"

मिरेक चिडला. "गावात तरी कोण आहे? उद्या पडलीस तर कळेल कोणाला?"

त्याच आठवड्यात एका दुपारी आईने फोन उचलला नाही. पुन्हा लावला, नाही. आधीच गोरा माणूस, पांढराफटक पडला. माझीही आई पुण्यात एकटी असते. शिर्के म्हणाले, "अरे, भोंगा हाय की गावात!"

मिरेकने ग्रामपंचायतीत फोन लावला. तिकडे आधी गाणं वाजलं, अख्खं वाजलं! मग बाईंनी गावाला सांगितलं, मिरेकची आई फोन उचलत नाही, जो जवळ असेल त्याने जाऊन बघावं.

आम्ही डबे न उघडता बसून राहिलो. बऱ्याच वेळाने आईच्याच नंबरवरून फोन आला. मागे हा गोंगाट, भांड्यांचा खणखणाट. मिरेक रडवेला होऊन चेकमध्ये काहीतरी बोलला, ऐकत राहिला आणि मग त्याने फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काल पाऊस झाला म्हणून जंगलात गेली होती. टोपली भरून परत आली, तर दारात अर्धं गाव! आता सगळ्यांना अळंबीचं सूप करतेय, बोलायला वेळ नाही म्हणाली."

"आणि दुबईचं काय?"

"तेही विचारलं मी. म्हणाली, 'तू तिथे पडलास, तर कळेल कोणाला?'"