तेलाचा हात

साहेबरावांची सारी नोकरी पैठणच्या रस्त्यावर एसटीत उभ्यानं गेली. गळ्यात कंडक्टरची चामड्याची पिशवी. दवाखान्यातून ते पोटाला पिशवी लावून घरी आले, तेव्हा बायकोला म्हणाले, "मनकर्णा, रिटायर झालो तरी पिशवी काय पाठ सोडंना बघ." मनकर्णाबाई हसल्या नाहीत. साहेबरावांनीही तो विनोद पुन्हा केला नाही.

आतड्यात गाठ निघाली होती. डॉक्टरांनी ती काढली आणि आतड्याचं तोंड पोटावर आणलं, बेंबीच्या उजव्या अंगाला. त्याभोवती चिकट चकती बसवायची, चकतीवर पिशवी. चकती कातडीला घट्ट धरून राहिली की माणूस चारचौघांत बसू शकतो. साहेबरावांची धरत नव्हती.

आणि चारचौघांत बसण्यावाचून त्यांना दुसरं काही येत नव्हतं. नोकरी सांभाळून ते बौद्धाचार्य झाले होते. सुट्टीच्या दिवशी पांढरा सदरा, पांढरा पायजमा, आणि कुठल्या तरी गावी लग्न लावायला. माइक बंद पडला तरी मागच्या रांगेतल्या बायकांना गाथा ऐकू जायची. आजारपणात ते सगळं थांबलं. आता रूपालीचं लग्न ठरलं होतं. ती त्यांच्या धाकट्या भावाची मुलगी. भाऊ गेल्यावर यांच्याच घरात वाढली.

"काका, तारीख पुढं ढकलू का?" तिनं विचारलं.

"कशापायी? मी मेलोय का? तुझं लग्न मीच लावणार."

पण चकती दुपारपर्यंत कडेनं उचलली जायची. आधी खाज, मग आग, मग खाली ओल. कातडी सोलून लाल झाली होती. रोज सकाळी मनकर्णाबाई ती जागा धुवायच्या आणि करडईच्या कोमट तेलात हळद कालवून हलक्या बोटांनी लावायच्या. माहेरी पिशोरला त्यांची आई भाजल्या-पोळल्यावर हेच लावायची. तेल मुरलं की त्या मऊ फडक्यानं टिपून घ्यायच्या.

"पुसलंय चांगलं. लावा आता."

साहेबराव चकती दाबून बसवायचे. दुपारी ती पुन्हा सुटायची. कातडी आणखी सोलायची. दुसऱ्या सकाळी तेल थोडं जास्त.

दोष आपल्याच पोटाचा, असं साहेबरावांनी धरलं. लग्नाच्या आदल्या दिवशी ते जेवलेच नाहीत. पोटात काही नसलं तर बाहेर काय येणार? सकाळी मनकर्णाबाईंनी तेलाचा हात दोनदा फिरवला. "आज झोंबाया नको," त्या म्हणाल्या.

मंगल कार्यालय भरलं होतं. मंचावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांची तसबीर, मेणबत्त्या. रूपाली पांढऱ्या साडीत मान खाली घालून उभी होती. साहेबरावांनी त्रिशरण सुरू केलं. आवाज पहिल्यासारखाच निघाला. त्यांना स्वतःलाच तो ऐकत राहावंसं वाटलं.

मग पंचांग प्रणाम. ते गुडघ्यांवर आले, कपाळ जमिनीला टेकवलं. पोटाची घडी पडली. चकती सरकली, अगदी सहज, पाटावरून साबण सरकावा तशी. कातडीवरून काहीतरी कोमट खाली उतरलं.

ते उठले. रूपालीला कळलं होतं, पण ती जागची हलली नाही. पहिल्या रांगेतल्या बाईनं पदर नाकाला लावला. सदऱ्यावर डाग पसरत होता. साहेबरावांची गाथा मध्येच थांबली.

धम्मपाल मंचावर आला. त्याचं औरंगपुऱ्यात मोबाईलचं दुकान. गाथा म्हणायला तो साहेबरावांकडेच शिकला होता.

"काका, द्या इकडं. मी बघतो."

जिथं ओळ तुटली होती तिथूनच त्यानं ती उचलली. कार्यालयाच्या मोरीत मनकर्णाबाई तांब्यानं पाणी घालत होत्या तेव्हा बाहेरून "साधु, साधु, साधु" ऐकू आलं. साहेबराव भिंतीला धरून उभे होते. लग्न लागलं होतं.

नंतर ते दोघं दवाखान्यात गेले. मेघा सिस्टरनं चकती काढली आणि सोललेल्या जागेच्या कडेला टिश्यू पेपर टेकवला. भजी काढलेल्या कागदावर उमटतो तसा डाग त्यावर उमटला.

"तेल लावता का काही?"

मनकर्णाबाईंनी खाली बघितलं.

"मीच लावतो," साहेबराव म्हणाले. "आग व्हती म्हणून."

"मग कशी चिकटेल, बाबा? पुसलं तरी तेल कातडीत राहतंच. नुसत्या कोमट पाण्यानं धुवा. पूर्ण कोरडं होऊ द्या. ही पावडर ओल्या जागेवर भुरभुरवा आणि जास्तीची झटका. चकतीचं भोक तोंडाच्या मापानं कापा, मोठं ठेवलं की कातडी उघडी पडते. लावताना बसू नका, उताणे पडा. वर तळहात धरून ठेवा. उबेनं ती धरते. आणि उपाशी राहू नका."

रिक्षा दारात थांबली. दार उघडताना मनकर्णाबाई म्हणाल्या, "खोटं कशाला बोललात?"

"खोटं कुठं? पोट माझंच हाय ना."

घरात गेल्यावर मनकर्णाबाईंनी तेलाची वाटी राखेनं घासली. नंतर बराच वेळ हात धूत राहिल्या.

कातडी भरत आली. चकती धरू लागली. एका सकाळी साहेबरावांनी पांढरा सदरा घातला, पलंगावर मांडी घातली, वाकून कपाळ गादीला टेकवलं. काही हललं नाही. ते तसेच बसून राहिले.

दुपारी धम्मपाल आला. चहा अर्धा ठेवूनच बोलला, "काका, ते पिशोरचं लग्न तुमच्याकडं होतं ना... त्यांनी मलाच सांगितलंय. तुम्ही आराम करा म्हणले."

साहेबराव सदऱ्याच्या बटणाशी चाळा करत होते. मनकर्णाबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या.

"नवरा-नवरीकडनं प्रतिज्ञा म्हणवून घेताना घाई करू नको," ते म्हणाले. "पोरापोरींना धड बोलता येत नाय. थांबायचं त्यांच्यासाठी."

धम्मपाल गेला. साहेबरावांनी सदरा काढला. मनकर्णाबाईंनी घडी घालून तो पेटीत ठेवला, मग पदराला हात पुसले आणि तळवा त्यांच्या चकतीवर धरला.

"बसलीय घट्ट," त्या म्हणाल्या.

"व्हय."

त्यांनी हात काढला नाही.